एसीचा कंत्राटदार कसा निवडावा? समुद्राजवळचं चिऱ्याचं घर, तीन कोटेशनं

कुळागर:
गोव्यात मोरजीला समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जुनं घर. वर मंगळुरी कौलं, भिंती दीड फुटाच्या, मातीत बांधलेल्या. तीन खोल्यांत एसी बसवायचे आहेत: १२ बाय १४, १० बाय १२ आणि १४ बाय २० फूट. पहिल्या आणि तिसऱ्या खोलीला छत नाही, मान वर केली की थेट कौलं दिसतात. दोन खोल्या होमस्टेला जातील, म्हणून गरम पाण्याची सोयही याच कामात उरकायची आहे.

तीन कोटेशनं आली आहेत. एक ब्रँडच्या डीलरचं: तीन स्प्लिट, पुढे फक्त 'स्टँडर्ड इन्स्टॉलेशन' एवढे दोन शब्द. दुसरं म्हापशाच्या मेकॅनिकचं, तोंडी आणि सगळ्यात स्वस्त. तिसरं पणजीच्या एका कंपनीचं: व्हीआरएफ (एकाच आउटडोअरवर सगळ्या खोल्या) आणि पाण्यासाठी हीट पंप, चार पानी, सगळ्यात महाग. कोणाचं धरावं यापेक्षा कशावरून ठरवावं, ते जाणकारांनी सांगावं.

चार_सूत:
पहिली चाळणी फोनवरच लावा. 'किती टनाचा हवा?' असं तुम्हालाच विचारणारा बाजूला ठेवा. कामाचा माणूस आधी विचारतो की छत आहे का, खिडक्या कुठल्या दिशेला, आउटडोअर कुठे बसेल, इनडोअरपासून पाइप किती मीटर जाईल, पाणी कुठे सोडायचं आणि एसीसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढली आहे का. आणि घर न पाहता आकडा सांगणाऱ्याला तर चिऱ्याच्या घराचं काम देऊच नका. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये एक वेळ चालून जातं.

'स्टँडर्ड इन्स्टॉलेशन' म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन मीटर तांब्याचा पाइप, एक स्टँड, भिंतीला एक भोक. पुढचा प्रत्येक मीटर, ड्रेनचा पाइप, वायर, कोअर कटिंग वेगळं. दीड फुटाच्या भिंतीतून जाऊन आउटडोअर घराच्या मागे न्यायचा तर तीन मीटर कुठल्या कुठे संपतात. त्यामुळे डीलरचं कोटेशन आज स्वस्त दिसतं ते अपुरं आहे म्हणून. त्याच्याकडून पाइपचा, ड्रेनचा आणि वायरचा मीटरमागे दर लिहून घ्या, मगच तिघांची तुलना करा.

दवबिंदू:
कंत्राटदाराआधी कौलांचं बघू, कारण ते न बघणारा कंत्राटदार तिथेच नापास होतो.

गोव्यात एसीला उष्णतेबरोबर बाष्पाचंही मोठं काम असतं. मे महिन्यातही पारा ३३-३५ च्या आसपास राहतो, पण हवा ओली. हिशेब करून दाखवतो. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक किलो हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. आत २५ अंश आणि ५५ टक्के हवं असेल तर ते ११ ग्रॅमवर आणायचं. तुमची १२ बाय १४ ची खोली दहा फूट उंच धरली तर १,६८० घनफूट हवा. ती तासाला एकदा जरी बदलली तरी सुमारे ६५० मिलीलिटर पाणी एसीला पिळून काढावं लागतं, म्हणजे जवळजवळ ०.१३ टन फक्त त्या ओलाव्यापायी. उघड्या कौलांच्या फटींतून तासाला पाच वेळा हवा बदलणं काही विशेष नाही. मग ०.६५ टन नुसता तिथेच जातो. दीड टनाच्या यंत्राचा जवळजवळ अर्धा जीव कौलं खातात.

छत न करता त्यावर दोन टनाचा एसी लावला तर खोली थंड होते पण चिकट राहते. गादी दमट, कपाटाच्या मागे बुरशी, पाहुण्यांची तक्रार 'वास येतो'. मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो, वास तसाच.

आधी छत करून घ्या: जिप्समचं किंवा सिमेंट बोर्डचं, सांधे बंद, वर ५० मिलिमीटर रॉकवूल. कौलं आणि छत यांच्यामधल्या पोकळीला मात्र वारा खेळता ठेवा, नाहीतर वासे कुजतील. त्यानंतर लहान खोलीला एक टन, मधलीला दीड, मोठीला दोन टन पुरायला हरकत नाही. तरी कंत्राटदाराकडून हीट लोडचा, म्हणजे खोलीतून किती उष्णता काढावी लागेल त्या हिशेबाचा, कागद मागाच. एक पान पुरे, पण त्यात ओलाव्याचा भार वेगळा दाखवलेला हवा. नसेल तर त्याने चौरस फुटाला टनाचं गणित लावलंय, आणि त्या गणिताला कौल आणि काँक्रीट सारखंच.

शेवंती:
+१. एक पुरवणी: न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू राहिला तर तो खोलीतली कोरडी हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच ओली हवा फटींतून आत ओढतो. होमस्टेमध्ये त्याला पंधरा मिनिटांचा टायमर लावा.

डिचोलीकर:
व्हीआरएफ तीन खोल्यांसाठी? कशाला? एक आउटडोअर बंद पडलं की तिन्ही खोल्या बंद, तेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. समुद्राजवळ पीसीबी (यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि कॉइल हेच आधी जातात, आणि व्हीआरएफचा पीसीबी दुकानात टांगलेला नसतो. तीन वेगळे इन्व्हर्टर स्प्लिट घ्या. एक पडला तर दोन चालतात.

मांडवीतीर:
डिचोलीकरबाब, सरसकट तसं नाही. पणजीतल्या फोंताइन्हाससारख्या जुन्या भागातल्या घरांना दर्शनी भिंतीवर यंत्रं लटकवायची सोय नसते. मागे एकाच अंगणात एक आउटडोअर ठेवून सहा-सात खोल्या चालवायच्या असतील तर व्हीआरएफ किंवा मल्टी-स्प्लिटच योग्य. पण तीन खोल्या आणि मागे मोकळी जागा असेल तर मी पण स्प्लिटच म्हणेन.

व्हीआरएफ घेणारच असाल तर कंत्राटदाराकडून तीन गोष्टी कागदावर हव्यात: सगळे ब्रेझिंगचे (तापवून जोडायचे) सांधे आतून नायट्रोजन सोडत केलेले असतील, पाइपिंग पूर्ण झाल्यावर ४० बारवर चोवीस तासांची दाबचाचणी होईल, आणि जादा गॅस पाइपच्या लांबीवरून मोजून, वजनकाट्यावर भरला जाईल. नायट्रोजन न सोडता तांबं तापवलं की आत काळा पापुद्रा धरतो, तो पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. यंत्र दोन-तीन वर्षांनी कुरकुरायला लागतं तेव्हा बसवणारा कोण होता हेही आठवत नाही.

चार_सूत:
बरोबर. आता साध्या स्प्लिटचं, कारण कुळागरबाब बहुधा तिथेच येणार.

पाइप. दीड टनापर्यंत बहुतेक यंत्रांना दोन सूत आणि चार सूत, म्हणजे पाव इंच आणि अर्धा इंच. नक्की माप यंत्राच्या पुस्तिकेत असतं. जाडी ०.८ मिलिमीटर हवी, म्हणजे २१ गेज. बाजारात ०.६ चा हलका पाइप त्याच कागदात गुंडाळून मिळतो. डोळ्याला फरक दिसत नाही, काट्याला दिसतो: चार सुताचं १५ मीटरचं वेटोळं ०.८ मध्ये चार किलो भरतं, ०.६ मध्ये तीन किलो. दोन सुताचा पाइप ०.८ मध्ये मीटरला १२५ ग्रॅम. 'पाइप वजन करून घेईन' एवढं आधी सांगितलं तरी पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात.

फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पाइपचं रुंद केलेलं तोंड. बहुतेक गळत्या इथेच जन्मतात. आर-३२ या आताच्या गॅसचा दाब जुन्या आर-२२ गॅसपेक्षा दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे जुन्या जोखडाने काढलेला वेडावाकडा फ्लेअर टिकत नाही. कापल्यावर आतली कड साफ झाली पाहिजे, पाइपचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. नट टॉर्क पान्याने: दोन सुताला १४ ते १८ न्यूटन-मीटर, चार सुताला ४९ ते ६१. 'हाताचा अंदाज आहे' म्हणणाऱ्याचा हात संध्याकाळी पाचव्या कामावर वेगळा असतो. जास्त आवळलेला नटही गळतो, फ्लेअर पातळ होऊन चिरतो.

दाबचाचणी. नायट्रोजनने, आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून, फक्त पाइप आणि इनडोअर. यंत्राच्या पाटीवरच्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही. आर-३२ च्या बऱ्याच यंत्रांत ४० बारपर्यंत जाता येतं. तासभर काटा हलता कामा नये, प्रत्येक नटावर साबणाचा फेस. ऑक्सिजनची बाटली कोणी काढली तर काम तिथेच थांबवा: तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. नायट्रोजन आणलाच नाही आणि 'गॅस सोडून बघतो' म्हणाला तर तो हवा काढण्याचं कामही गॅसनेच उरकणार असं समजा.

दवबिंदू:
व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढण्यावर, थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हयगय इथेच होते.

साध्या गेजचा काटा उणे ३० इंचावर टेकला म्हणजे पाइप कोरडा झाला असं नाही. तो काटा हवा गेली एवढंच सांगतो. उरलेलं पाणी दाखवण्याइतका बारीक नसतो. मायक्रॉन हे अगदी कमी दाब मोजायचं एकक. ३० अंश तापमानाला पाणी सुमारे ३२,००० मायक्रॉन दाबाला उकळायला लागतं, आणि पाइप खरोखर सुकायला ५०० मायक्रॉनच्या खाली जावं लागतं. त्यासाठी डिजिटल मायक्रॉन गेज हवा. ५०० च्या खाली गेल्यावर पंप वेगळा करून दहा मिनिटं बघायचं. आकडा वर चढून १,०००-१,५०० ला थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. चढतच राहिला तर गळती.

आर-३२ आणि आर-४१०ए यंत्रांमधलं तेल पाणी ओढून घेतं आणि पुढे आम्ल तयार होतं. कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळते ती कित्येकदा या आम्लामुळे, आणि दोष जातो वीज खात्याच्या व्होल्टेजवर. आषाढात बसवत असाल तर पंप दुप्पट वेळ चालवावा लागला तरी नवल नाही.

म्हणून कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारायचा असेल तर मी हा विचारेन: 'मायक्रॉन गेज आहे का, आणि शेवटचा आकडा फोटोसह द्याल का?' म्हापशाचा तो मेकॅनिक हो म्हणाला तर तोंडी कोटेशन लिहून घेऊन काम त्याला द्यायला माझी हरकत नाही. चार पानांचं कोटेशन देणाऱ्याकडे गेज नसेल तर ती चार पानं रद्दी.

चिरेबंदी:
भिंतीचं कोणी बोललंच नाही.

चिरा मऊ आणि सच्छिद्र. त्यात साधा अँकर फास्टनर मारला तर सुरुवातीला घट्ट वाटतो, पण आउटडोअरच्या थरथरीने भोक रुंदावतं आणि दोन पावसाळ्यांत स्टँड कलतो. मातीच्या बांधणीत तर फास्टनर सांध्यात गेला की चिराच हलतो. उपाय दोन. एक, आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूने लोखंडी पट्टी. दुसरा आणि चांगला, आउटडोअर जमिनीवर घ्यायचा: काँक्रीटचा कट्टा, फुटभर उंच, कारण पावळीचं पाणी तांबडी माती उडवून कॉइलमध्ये भरतं. खाली रबरी पॅड. मागे भिंतीपासून तीस सेंटिमीटर, समोर साठ सेंटिमीटर मोकळं. खालचं यंत्र धुवायलाही सोपं.

भोक कोअर कटरने, ६५ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. छिन्नीने फोडलेलं भोक आतून चुन्याने लिंपलं तरी उंदीर-मुंग्या तिथूनच येतात. पीसीबीवर पाल चिकटून शॉर्ट होणं ही आपल्याकडे नेहमीची तक्रार आहे. भोकात पीव्हीसीची नळी बसवून दोन्ही टोकं बुजवायला सांगा.

डिचोलीकर:
आणि खारी हवा. चारशे मीटर म्हणजे वाराच खारा. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, घराच्या आडोशाला पूर्वेकडे घ्या, मग पाइप दोन मीटर जास्त लागला तरी चालेल. स्टँड हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, कापलेल्या टोकांना झिंकचा रंग. बोल्ट एसएस ३०४, परवडलं तर ३१६. कॉइल तांब्याची, पत्र्यांवर कोटिंग असलेली. वॉरंटी कार्डात 'गंजामुळे झालेलं नुकसान' वगळलंय का, ते पैसे देण्याआधी वाचा. 'दहा वर्षांची वॉरंटी' बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी आणि कॉइल तिच्यात नसतात.

दर महिन्याला गोड्या पाण्याने, कमी दाबाने आउटडोअर धुवा. जेट मारलात तर पत्रे वाकतात.

शेवंती:
पावसाळ्यात बंद राहणाऱ्या घरांसाठी: आउटडोअरला प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, आत दमट राहून गंज दुप्पट वेगाने चढतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास एसी चालवून ठेवायला कोणाला तरी सांगा.

मांडवीतीर:
डिचोलीकरबाबांच्या यादीत इन्सुलेशन राहिलं. पांढऱ्या फोमची नळी गोव्यात चालत नाही. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २७ अंशांवर असतो. म्हणजे इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा तीन अंशांनी जरी गार झाला तरी घाम सुटला. आतला पाइप असतो दहा अंशांच्या आसपास. नायट्राइल रबर, जाड पाइपला १९ मिलिमीटर, पातळ पाइपला निदान १३, आणि दोन्ही पाइपना वेगवेगळं. सांधे चिकटवलेले, नुसती टेप गुंडाळलेले नाहीत. छताच्या वरून पाइप जाणार असेल तर इथे कंजुषी केल्यावर जिप्समवर पिवळे डाग ठरलेले. उन्हात येणाऱ्या भागावर अॅल्युमिनियमचं आवरण किंवा पीव्हीसीची पेटी हवी, नायट्राइल उन्हाने तडकतं.

तारवायर:
वायरिंगचं थोडक्यात. जुन्या घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर एसी नको. प्रत्येक एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि २० अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी, बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, मे महिन्यात जमीन सुकली की आणखी बिघडतं. रोध मेमध्येच मोजा, ५ ओहमच्या खाली हवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चार-पाच व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी ते शोधा.

तीन एसी आणि गिझर मिळून मंजूर भाराच्या वर जाल, वीज खात्याकडे भार वाढवायचा अर्ज आधी टाका. आणि हे काम परवानाधारक वायरमनचं. एसीवाला 'तेही करतो' म्हणाला तर परवाना विचारा.

कुळागर:
स्टॅबिलायझर लागतो का? डीलर म्हणतो 'स्टॅबिलायझर-फ्री' आहे.

तारवायर:
पुस्तिकेत व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तुमच्या बोर्डावर व्होल्टेज मोजा. त्या मर्यादेत असेल तर नको. विजांचा धोका मात्र वेगळा, त्यावर स्टॅबिलायझर उपयोगाचा नाही. बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवा. मान्सूनपूर्व आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात पीसीबी जातात ते यामुळे.

कुळागर:
आणि गरम पाणी? हीट पंप अंगावर येतोय.

दवबिंदू:
२०० लिटर पाणी २७ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण साडेसहा युनिट उष्णता लागते. गिझर तेवढीच वीज खातो, हीट पंप दोन युनिटांच्या आसपास, कारण तो उष्णता हवेतून ओढतो आणि आपली हवा कधी थंड नसते. रोज २०० लिटर लागणार असतील तर हीट पंपाला अर्थ आहे. आठवड्यातून दोन दिवस पाहुणे असतील तर दोन साधे गिझर लावा आणि विषय सोडा. विहिरीचं पाणी असेल तर एक गोष्ट: चिऱ्यातून येणारं पाणी मृदू आणि बऱ्याचदा आम्लधर्मी असतं, टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड लवकर खातं. रॉड वर्षाला तपासायचं आणि बदलायचं काम कंत्राटात लिहा. टाकीच्या वॉरंटीचा वाद बहुधा या रॉडवरूनच होतो.

एसी 'हॉट अँड कोल्ड' घेऊ नका हे सांगायला नको. मोरजीत हीटर.

डिचोलीकर:
आता एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सुटे भागही त्यात, नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे फक्त मजुरी आणि धुणं. पहिल्या प्रकारातही पीसीबी, गॅस आणि गंजलेली कॉइल वगळलेली नाही ना ते बघा. वर्षात किती भेटी, कोणत्या महिन्यांत, आणि तक्रार केल्यावर किती तासांत माणूस येणार हे लिहा. किनाऱ्याजवळ चार भेटी हव्यात. दोन मोठ्या: पहिली फेब्रुवारीत, दुसरी पावसानंतर ऑक्टोबरमध्ये. मार्चनंतर फोन केलात तर रांगेत उभे राहाल.

काम द्यायची वेळही महत्त्वाची: चवथ उरकल्यावर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा माणसं मोकळी असतात, घाई नसते, दरही ऐकतात.

चार_सूत:
सर्व्हिसला येणारे 'गॅस कमी आहे' हे पालुपद घेऊन येतात. गॅस संपत नसतो, गळतो. दीड टनाच्या आर-३२ यंत्रात साधारण ७०० ग्रॅम ते एक किलो असतो. गळती न शोधता भरला तर काही महिन्यांत परत तेच. पुन्हा भरताना उरलेला काढून, व्हॅक्यूम करून, पाटीवरच्या वजनाइतका काट्यावर मोजून भरायचा. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून पाइपमध्ये गॅस असताना टॉर्च लावायची नाही, दारं-खिडक्या उघड्या.

इनडोअरच्या जाळीवर थर्मामीटर लावून आत-बाहेरच्या हवेचा फरक बघतात. कोरड्या दिवशी ११-१२ अंश मिळतो. जुलैत ८ मिळाला तर लगेच गॅस कमी आहे असं नाही, यंत्राची ताकद पाणी काढण्यात जाते.

कॉइल धुताना अॅसिडचा क्लीनर वापरू देऊ नका. आणि नवीन प्लायवूडच्या कपाटांतून निघणाऱ्या वाफाही इनडोअरच्या तांब्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतात. फर्निचर नवीन असेल तर पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

कुळागर:
सगळ्यांचे आभार. छत आधी करतो. तिघांनाही पाठवायला हा मसुदा केलाय, तपासा:

'तीन इन्व्हर्टर स्प्लिट. जागा पाहून हीट लोडचा कागद द्यावा, ओलाव्याचा भार वेगळा. पाइप ०.८ मिलिमीटर, मीटरमागे दर स्वतंत्र. इन्सुलेशन नायट्राइल १९ आणि १३. आउटडोअर पूर्वेला कट्ट्यावर. नायट्रोजन टेस्ट. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली, फोटोसह. चालू केल्यावर २५ अंशांवर दोन तासांत आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली. ४० टक्के आगाऊ, ५० टक्के चालू झाल्यावर, १० टक्के तीस दिवसांनी. तक्रारीला २४ तास, १५ डिसेंबर ते ५ जानेवारी १२ तास.'

दवबिंदू:
आर्द्रतेची अट उत्तम, तीच तुमची खरी अपेक्षा आहे. पण दारं-खिडक्या बंद, खोलीत दोन माणसं, एक्झॉस्ट बंद असं लिहा, नाहीतर वाद होईल. आर्द्रतामापक तुमचा स्वतःचा ठेवा. 'नायट्रोजन टेस्ट' एवढंच पुरत नाही: सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, वेळ आणि दोन्ही वेळचं तापमान लिहायला सांगा. ४० बारवर तापमान एक अंशाने बदललं तर दाब सुमारे ०.१४ बारने हलतो. सकाळी भरून दुपारी बघितलं तर गळती असूनही काटा जागेवर दिसू शकतो.

मांडवीतीर:
बिलावर जीएसटी क्रमांक, यंत्रांचे सिरियल नंबर आणि इन्स्टॉलेशनची तारीख. सप्टेंबर २०२५ पासून एसीवर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे, जुन्या दराचं कोटेशन कोणी पुढे केलं तर बदलून घ्या. लहान मेकॅनिकची जीएसटी नोंदणी नसणं हा काही गुन्हा नाही, पण मग त्याने बिलात जीएसटी लावायचा नाही. तक्रार पुढे न्यायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे हा मसुदाच कामाला येतो.

डिचोलीकर:
४० टक्के आगाऊ यंत्रांसकट का? यंत्रं तुम्ही थेट डीलरकडून घ्या, बसवायचं काम वेगळं द्या. फक्त एवढं विचारून ठेवा की बाहेरच्या माणसाने बसवलं तर कंपनीची वॉरंटी राहते का. काही ब्रँड नाही म्हणतात. तसं असेल तर डीलरच्याच माणसाला हा मसुदा द्या आणि गेज घेऊन यायला सांगा.

चिरेबंदी:
ड्रेन सगळेच विसरले. लवचिक पन्हाळी पाइप नको, त्याच्या लाटांत शेवाळ साचतं. २५ मिलिमीटर कडक पीव्हीसी, मीटरला एक सेंटिमीटर उतार, वर इन्सुलेशन, शेवटचं टोक पाण्यात बुडालेलं नाही. पावसाळ्यात दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी काढतो. छत बंद करण्याआधी प्रत्येक इनडोअरच्या ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतून ते सगळं बाहेर येतं का ते तुमच्यासमोर दाखवायचं, अशी एक ओळ मसुद्यात घाला.

कुळागर:
घातली. जिप्समवाल्याला त्या दिवशी थांबायला सांगितलंय.